रेल्वेच्या जुन्या वस्तू दान करताना: बेळगाव-खानापूर परिसरातील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज ते लोंढा आणि लोंढ्याहून पुढे कॅसलरॉकपर्यंतच्या लोहमार्गाने आपल्या भागातील कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या भाकरी दिली. गार्ड, ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन, स्टेशनमास्तर, गँगमन अशा नोकऱ्यांत आयुष्य काढलेली माणसे आता एकेक करून जात आहेत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून बत्त्या, शिट्ट्या, बिल्ले, तिकिटे आणि टिपणवह्या बाहेर पडत आहेत. या वस्तू भंगारात जाऊ नयेत असे वाटणारे वारस जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हेरिटेज रेल्वे आणि रेल्वे संग्रहालय यांत फरक काय?

संग्रहालयात वस्तू मुख्यतः जपून ठेवली जाते, तर हेरिटेज रेल्वेवर जुनी गाडी प्रत्यक्ष धावत असते. ब्रिटनमध्ये अशा रेल्वे बहुतांशी स्वयंसेवक चालवतात. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि पुढे त्याच धर्तीवर अनेक मार्ग उभे राहिले. आपल्याकडे दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला आणि नेरळ-माथेरान हे डोंगरी मार्ग भारतीय रेल्वेच चालवते, त्यामुळे तेथे दान देणे म्हणजे एका सरकारी खात्याला दान देणे होय.

दात्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. धावत्या गाडीवर दिलेली वस्तू वापरली जाण्याची शक्यता असते आणि वापरलेली वस्तू झिजते. वडिलांची बत्ती पुन्हा पेटावी असे काहींना वाटते, तर तिला कोणी हातही लावू नये असे काहींना वाटते. दोन्ही इच्छा रास्त आहेत, मात्र संस्था निवडण्यापूर्वी आपली इच्छा कोणती हे घरात ठरलेले असावे.

बेळगाव, खानापूर, रायबाग भागातील माणसाने वस्तू कोठे द्यावी?

सर्वांत जवळचा आणि माझ्या मते सर्वांत योग्य पर्याय म्हणजे नैऋत्य रेल्वेचे हुबळी येथील संग्रहालय. ते २०२० मध्ये सुरू झाले. आपला मार्ग हुबळी विभागातच येतो, त्यामुळे लोंढ्याची किंवा घटप्रभेची वस्तू तेथे पोरकी ठरत नाही. म्हैसूरचे रेल्वे संग्रहालय १९७९ पासून आहे आणि दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. वस्तू देशपातळीवर दुर्मीळ असेल, तर दिल्लीचा विचार करावा. एरवी ज्या मार्गावर ती वापरली गेली, त्या मार्गाच्या लोकांना ती पाहता यावी, याला मी अधिक महत्त्व देतो.

कोणत्या वस्तू स्वीकारल्या जातात?

इंजिनाची पितळी पाटी सर्वांनाच हवी असते, पण घरात सापडणाऱ्या साध्या वस्तूंचे मोल आपण कमी लेखतो. जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटेच पाहा. एडमंडसन पद्धतीचे हे तिकीट सुमारे ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असे. त्यावर क्रमांक छापलेला असे आणि खिडकीवरच्या यंत्रात दाबून तारीख उमटवली जाई. प्रवास संपला की ते फाटकावर परत द्यावे लागे, म्हणून घरात राहिलेली तिकिटे थोडी आहेत. कॅसलरॉक हे १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवरचे स्थानक होते आणि तेथे जकात तपासणी होत असे. त्या काळातील या मार्गाचे तिकीट, जकातीची पावती किंवा सामानाची चिठ्ठी सापडली, तर ती आधी बाजूला काढून ठेवावी.

गणवेशाची बटणे, दंडावरचे आणि टोपीवरचे बिल्ले, शिट्ट्या, वेळापत्रके, नियमपुस्तिका, बदलीचे आणि बढतीचे हुकूम, रेल्वे क्वार्टरमध्ये काढलेली छायाचित्रे, निवृत्तीच्या समारंभातील मानपत्रे हे सारे उपयोगाचे आहे. ड्रायव्हर-गार्ड मंडळींच्या खाजगी डायऱ्या तर अतिशय मोलाच्या, कारण घाटात कोणत्या रात्री किती उशीर झाला आणि कोणत्या इंजिनाची वाफ धरत नव्हती, असे तपशील अधिकृत कागदांत क्वचितच येतात. १९९० च्या दशकात या मार्गाचे मीटरगेजवरून ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्यापूर्वीच्या यार्डाचे, सांध्यांचे, पाण्याच्या टाकीचे किंवा केबिनचे साधे छायाचित्रसुद्धा आज पुरावा ठरते.

सर्वत्र विपुल असलेल्या वस्तू, मागच्या काही वर्षांतील संगणकीय तिकिटे आणि वाळवीने पोखरून भुगा झालेले कागद बहुधा नाकारले जातात.

वस्तू कोणत्या काळातील आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

तिच्यावरची अक्षरे शोधावीत. बत्तीच्या बुडाशी, कुलपाच्या पाठीवर, बटणाच्या मागील बाजूस किंवा चमच्याच्या दांड्यावर रेल्वे कंपनीची आद्याक्षरे ठोकलेली असतात. ‘एस. एम. आर.’ असेल, तर वस्तू सदर्न मराठा रेल्वेची, म्हणजे साधारणतः १८८२ ते १९०८ या काळातील. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि ‘एम. अँड एस. एम.’ ही अक्षरे आली. ती १९५१ पर्यंत चालली. एप्रिल १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे स्थापन झाली. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि एप्रिल २००३ पासून नैऋत्य रेल्वेचे काम सुरू झाले. मिरजेकडील घरांत ‘बी. एल. आर.’ ही अक्षरे दिसली, तर ती १९५४ मध्ये सरकारकडे गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेची असू शकतात. त्या छोट्या गाडीच्या रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते.

या अक्षरांवरून वस्तू कधी बनली याचा अंदाज येतो, पण ती कधीपर्यंत वापरली गेली हे कळत नाही. कंपनीच्या काळातील बत्ती स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे गार्डाच्या हातात असू शकते. एकाच बत्तीवर दोन रेल्वेंची अक्षरे एकमेकांशेजारी ठोकलेली आढळली, तर नंतरची अक्षरे हा दोष समजू नये. तिचा प्रवास त्यावरूनच कळतो.

वस्तू मुळात रेल्वेची होती. ती घरात असणे गुन्हा ठरतो का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरीची किंवा बेकायदा मिळवलेली असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा गुन्हा आहे, आणि ती कायदेशीर मार्गाने आल्याचे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येऊ शकते. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले घड्याळ किंवा स्वतःच्या गणवेशाचे बिल्ले यांबाबत सहसा अडचण येत नाही. रेल्वेच्या भंगार लिलावात घेतलेल्या वस्तूची पावती असेल, तर ती जिवापाड जपावी.

सिग्नल आणि सुरक्षेशी संबंधित साधनांची गोष्ट वेगळी आहे. उदाहरणार्थ, एकेरी मार्गावर वापरला जाणारा टोकनचा लोखंडी गोळा घ्या. दोन स्थानकांच्या यंत्रांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, तो कातडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि तो हाती आल्याखेरीज गाडीला पुढच्या टप्प्यात शिरण्याची मुभा नसे. गाडी पुढच्या स्थानकावर पोहोचली की गोळा तेथील यंत्रात परत जाणे बंधनकारक होते. असा गोळा घरात असेल, तर तो कसा आला हे सांगता आले पाहिजे. रूपांतरानंतर यंत्रे मोडीत निघाली तेव्हा तो मिळाला असेल, तर तसे वर्षासह लिहून ठेवावे.

कागद नसतील, तर वस्तू विकण्याच्या किंवा समाजमाध्यमांवर मिरवण्याच्या भानगडीत न पडता संग्रहालयाशी लेखी संपर्क साधावा आणि जे माहीत आहे ते सरळ सांगावे. शंका मोठी असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

देण्यापूर्वी वस्तू घासून-पुसून लखलखीत करावी का?

करू नये. दसऱ्याला पितळेची भांडी चिंच लावून घासण्याची आपली सवय येथे घातक ठरते. पितळेवरचा काळसर थर गेला की त्याबरोबर बारीक कोरीव अक्षरेही झिजतात. बत्तीवरचा जुना रंग खरवडला, तर त्याखालची रंगाची पूर्वीची पुटे आणि ठोकलेले क्रमांक नष्ट होतात. त्या जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो घासणे आरोग्यालाही बरे नाही. मऊ कोरड्या कुंच्याने धूळ झटकावी, बत्तीत रॉकेल उरले असेल तर ते काढावे आणि तेवढ्यावर थांबावे.

कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. खानापूर, लोंढा, कॅसलरॉक या पट्ट्यातील पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांचा त्रास अटळ असतो. म्हणून कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत न कोंबता स्वच्छ कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच, हवेशीर कपाटात ठेवावेत.

ट्रंकेत पत्र्याच्या चपट्या डब्या सापडल्या आहेत. त्या काय असाव्यात?

त्यांना हात लावू नका. रुळावर बांधण्यासाठी शिशाच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्या असलेली, साधारण तळहातावर मावेल एवढी चपटी डबी बहुधा डेटोनेटर असते. धुक्यात किंवा अपघाताच्या वेळी मागून येणाऱ्या गाडीला इशारा देण्यासाठी ती रुळावर ठेवत आणि चाक वरून गेले की तिचा मोठा स्फोट होई. ती जुनी झाली म्हणून निकामी झाली, असे समजू नये. ती उघडू नये, हलवू नये, संग्रहालयात तर नेऊच नये. मुलांना दूर ठेवून पोलिसांना किंवा रेल्वे सुरक्षा दलाला कळवावे.

वस्तूबरोबर काय लिहून द्यावे?

माझ्या मते सगळ्या दानाचा प्राण येथे आहे. गार्डाच्या हातबत्त्या देशभर हजारोंनी असतील, पण अमुक गार्डाने तिनईघाट ते कॅसलरॉक या टप्प्यात, पावसाळ्याच्या रात्री, मालगाडीच्या मागच्या डब्यात बसून वापरलेली बत्ती एकच असते, आणि तसे लिहिलेले नसेल, तर तीही त्या हजारोंतली एक होऊन जाते. संग्रहालयाच्या कोठारात माहितीवाचून पडलेल्या वस्तू पुष्कळ असतात आणि पुढे जागा कमी पडली की आधी त्यांच्यावरच गदा येते.

म्हणून प्रत्येक वस्तूसाठी एक स्वतंत्र कागद करावा. वापरणाऱ्याचे नाव, हुद्दा, नोकरीची स्थानके आणि अंदाजे वर्षे, वस्तू घरात कशी आली, तिच्याविषयी घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, आणि त्यांतील कोणती गोष्ट स्वतः पाहिलेली व कोणती ऐकीव, हे सारे त्यात यावे. ऐकीव गोष्ट लिहायला हरकत नाही, मात्र ती ऐकीव आहे असे नमूद करावे.

छायाचित्रांच्या मागे नावे लिहायची असतील, तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. आजोबांच्या नोंदी मोडी लिपीत असतील, तर त्या जाणणाऱ्याकडून वाचून घेऊन देवनागरी लिप्यंतर सोबत जोडावे. मराठी मजकुराबरोबर कन्नड किंवा इंग्रजीत अर्ध्या पानाचा सारांश द्यावा, कारण नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला मराठी हस्ताक्षर वाचता येईलच असे नाही आणि न वाचलेला कागद नोंदवहीत उतरत नाही.

घरात त्या पिढीचे कोणी हयात असेल, तर हे काम पुढे ढकलू नये. अण्णांना किंवा काकांना वस्तू हातात देऊन बोलते करावे आणि त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. नुसते “तुमच्या नोकरीबद्दल सांगा” म्हटले की माणूस दोन वाक्यांत आटोपतो. बत्ती हातात देऊन “ही लाल काच फिरवायची कशी?” असे विचारले की वात कापण्यापासून घाटात मागे जोडायच्या बँकर इंजिनापर्यंत सगळे ओघाने येते.

दान द्यावे की काही काळासाठी उसने द्यावे?

मी दानाच्या बाजूने आहे. उसन्या वस्तूची मुदत, विमा, ने-आण आणि वारसांचे बदलते पत्ते सांभाळणे लहान संस्थांना जड जाते, आणि मूळ मालक वारला की मालकीचा गुंता होतो. एखाद्या ठरावीक प्रदर्शनापुरती वस्तू द्यायची असेल, तर उसनवारी चालेल, पण परतीची तारीख लेखी हवी. दानाला अटी जेवढ्या कमी, तेवढे ते स्वीकारले जाण्याची शक्यता अधिक. ‘ही वस्तू कायम दर्शनी भागातच ठेवावी’ अशी अट कोणतीही जबाबदार संस्था मान्य करणार नाही. ‘संग्रहातून काढायची झाल्यास आधी कुटुंबाला किंवा दुसऱ्या संग्रहालयाला विचारावे’ ही विनंती मात्र वाजवी आहे आणि ती अवश्य लिहावी.

भावंडांचे एकमत नसेल तर?

तर दान पुढे ढकलावे. वडिलांच्या वस्तूंवर सर्व वारसांचा हक्क असतो. मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या बहिणीला नंतर कळले आणि तिने हरकत घेतली, तर संस्था अडचणीत येते आणि घरातही कायमची कटुता राहते. सर्वांच्या सह्यांचे संमतिपत्र करावे. वाटल्यास प्रत्येकाने आठवण म्हणून एखादे बटण किंवा छायाचित्राची प्रत ठेवून घ्यावी.

कागदपत्रे कोणती लागतात?

आधी छायाचित्रे, मापे आणि माहिती पाठवून विचारणा करावी. न विचारता पार्सल पाठवू नये किंवा फाटकावर वस्तू सोडून येऊ नये. होकार आल्यावर दानपत्र करावे. जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होऊ शकते, पण दात्याच्या हयातीत ते स्वीकारले जाणे कायद्याने आवश्यक आहे, म्हणून दानपत्रावर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याची सही, हुद्दा, शिक्का आणि तारीख घ्यावी. केवळ तोंडी आभारांवर परतू नये.

वस्तू दिल्यानंतर तिचे काय होते?

पहिल्यांदा तिची तात्पुरती पोच दिली जाते. ती संग्रहात घ्यायची की नाही, हा निर्णय बहुधा नंतर, वरच्या पातळीवर होतो आणि त्याला महिने लागू शकतात. निर्णय होकारार्थी झाला की वस्तू नोंदवहीत दाखल होते व तिला क्रमांक मिळतो. चांगल्या संग्रहालयात हा क्रमांक वस्तूवर पुन्हा पुसता येईल अशा रीतीने, नजरेत न येणाऱ्या जागी लिहितात. तिची अवस्था टिपली जाते, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली जातात, आणि कापड, लाकूड किंवा कागद असेल, तर कीड इतर वस्तूंना लागू नये म्हणून ती काही काळ वेगळी ठेवली जाते. त्यानंतर तिची जागा कोठारात असते.

हेरिटेज रेल्वेला इंजिनाचे सुटे भाग दिले, तर त्यांचा मार्ग निराळा असू शकतो. वाफेचा दाबमापक किंवा पितळी तोटी तपासून थेट इंजिनावर बसवली जाते, किंवा तिच्यावरून साचा करून नवा भाग ओतला जातो. निलगिरी मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने वाफेची नवी इंजिने बांधली. अशा कामांत जुने नकाशे आणि आराखडे किती उपयोगी पडतात, हे कारखान्यातील जाणत्यांना सांगावे लागत नाही. म्हणून वर्कशॉपमधील फिटर-टर्नर मंडळींच्या घरातील आराखड्यांच्या सुरळ्या रद्दीत देऊ नयेत.

वस्तू प्रदर्शनात मांडली जाईल का? आमचे नाव लागेल का?

बहुतेक संग्रहालये आपल्या संग्रहाचा लहानसा भागच एका वेळी मांडतात, त्यामुळे वस्तू कोठारात असेल, तर तो अपमान मानू नये. अंधार, स्थिर हवामान आणि कमी हाताळणी यांमुळे कागद आणि कापड तेथेच अधिक टिकते. नाव लावण्याची पद्धत संस्थेनुसार बदलते. दात्यापेक्षा वस्तू वापरणाऱ्याचे नाव पाटीवर यावे, असा आग्रह धरावा. अभ्यासासाठी किंवा नातवंडांना दाखवण्यासाठी कोठारातील वस्तू पाहायची असेल, तर दाखल क्रमांकासह आगाऊ अर्ज करावा. क्रमांक हाती नसला, तर वस्तू शोधणेही अवघड जाते, म्हणून तो आठवणीने मागून घ्यावा.

संस्था आमची वस्तू विकू शकते का?

दान बिनशर्त असेल आणि संस्थेचे नियम परवानगी देत असतील, तर हो. ब्रिटनमधील स्वयंसेवी हेरिटेज रेल्वे अधिकची तिकिटे, पुस्तके आणि दुहेरी वस्तू विकून इंजिनाच्या दुरुस्तीसाठी पैसे उभारतात, आणि दाते ते जाणूनच देतात. सरकारी संग्रहालयात वस्तू काढून टाकण्याची प्रक्रिया अधिक किचकट असते. आपली वस्तू संग्रहासाठी आहे की निधी उभारण्यासाठी, हे दानपत्रात एका वाक्यात लिहून टाकावे.

परदेशातील हेरिटेज रेल्वेला वस्तू पाठवता येईल का?

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, तसेच ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसल्याची खात्री हवी असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. रेल्वेचे अधिकृत अभिलेख असतील, तर सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ते बाहेर नेता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी गुंजी स्थानकाची बत्ती इंग्लंडमध्ये कोणाला काय सांगणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

छायाचित्रांचे हक्क कोणाकडे राहतात?

छायाचित्राची प्रत दिली म्हणून स्वामित्वहक्क आपोआप जात नाही. छायाचित्र कोणी काढले, पैसे देऊन काढून घेतले होते का, की रेल्वेच्या नोकरीचा भाग म्हणून काढले होते, यांवर हक्क कोणाचा हे ठरते. हक्क आपला असेल, तर प्रदर्शन, पुस्तक आणि संकेतस्थळ यांसाठी वापरण्याची परवानगी लेखी द्यावी. देण्यापूर्वी चांगल्या दर्जाची प्रत स्कॅन करून घरी ठेवावी.

या दानावर करसवलत मिळते का?

नाही. देणग्यांवरील आयकर सवलत पैशांच्या रूपातील देणगीसाठी आहे, वस्तूसाठी ती मिळत नाही.

संग्रहालयाने वस्तू नाकारली तर?

नकाराचे कारण विचारावे. त्यांच्याकडे तशीच वस्तू आधीपासून असणे, जागा नसणे किंवा वस्तू दुसऱ्या रेल्वेची असणे ही नेहमीची कारणे असतात आणि त्यांत वस्तूचा दोष नसतो. मिरज-कोल्हापूरकडील वस्तू हुबळीने नाकारली, तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे विचारणा करावी. तेथेही जमले नाही, तर गावातील वाचनालयाला किंवा शाळेला, कुलूपबंद कपाट आणि जबाबदार माणूस असल्याची खात्री करून, माहितीच्या कागदासह वस्तू द्यावी. वस्तू घरीच राहणार असेल, तरी तिची छायाचित्रे, माहितीचा कागद आणि ध्वनिमुद्रण यांच्या प्रती स्वीकारता येतील का, हे संग्रहालयाला अवश्य विचारावे, कारण वस्तूला जागा नसली तरी माहितीला जागा सापडू शकते.